पुस्तक बरोबर, देऊळ गप्प : ग्रेगोरियन गायनाचे ग्रंथ आणि आपली गायनमंडळे

(जूचंद्र येथे दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आत येताना एका काकांनी आम्हाला विचारलं, "लॅटिन गाण्याच्या पुस्तकांवर बोलायला जूचंद्रला कशाला आलात? पापडीला नाहीतर नंदाखालला बोलायचं." प्रश्न रास्त आहे. हे रांगोळीचं गाव, चंडिकादेवीचं गाव. इथे चर्चच्या कोयरपेक्षा भजनी मंडळाची ओळख जास्त. तरीही आम्ही मुद्दाम इथे बोलतो आहोत. गाणं पुस्तकातून येतं की तोंडातून, हा आजचा प्रश्न आहे, आणि हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला तो फार समजावून सांगावा लागत नाही. आमच्या चर्चमधल्या माणसांना मात्र सांगावा लागतो. आम्हालाही तो उशिराच समजला.

कसा समजला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन नोव्हेंबर, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आमच्या गायनमंडळाने ठरवलं, यंदा जुनं लॅटिन प्रवेशगीत म्हणायचं, ‘रेक्विएम’. एकाने इंटरनेटवरून ‘लिबर उसुआलिस’ या जाड ग्रंथाची पानं उतरवून घेतली. झेरॉक्स काढल्या. तीन आठवडे तालीम केली. त्या संध्याकाळी मिस्सा सुरू झाली, आम्ही आठ जणांनी सूर लावला, आणि तिसऱ्या बाकावरून एका आजींचा आवाज आमच्यात मिसळला. त्यांना ते गीत पाठ होतं. लहानपणी ऐकून आलेलं. पण दोन ठिकाणी त्यांची चाल आमच्या पानापेक्षा वेगळी जात होती. एक स्वर त्या खाली घ्यायच्या, एक वळण गाळायच्या. आमच्यातल्या पुढच्या गायकाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. त्या थांबल्या.

पुढचं सगळं आम्ही अचूक गायलो. मिस्सा झाल्यावर एक जण म्हणाला, "एकदम सीडी लावल्यासारखं झालं." आम्ही खूश. घरी जाताना लक्षात आलं. देऊळ भरलेलं होतं (आम्ही वसईचे ख्रिस्ती बोलताना चर्चला देऊळच म्हणतो), आणि त्या भरलेल्या देवळात आम्हाला सोडून ते गीत येणारं एकच माणूस होतं. त्याला आम्ही गप्प केलं.

म्हणून आज या ग्रंथांची समीक्षा करायची आहे. ग्रंथ वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. त्यांच्यावर आमचं प्रेम आहे, नाहीतर तीन आठवडे तालीम कोण करतो? पण कुठल्याही पुस्तकाला विचारावं तसं त्यांनाही विचारायचं. तू कोणासाठी लिहिलं गेलंस? तुझ्यात काय आहे, काय नाही? आणि तुला हातात घेतल्यावर माणूस काय विसरतो?

ज्यांचा या गाण्याशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रेगोरियन गायन म्हणजे रोमन कॅथलिक उपासनेचं जुनं लॅटिन गायन. एकेरी सूर. त्याला ताल नाही. शब्द चालतो तसा सूर चालतो. नाव पोप ग्रेगरी पहिले यांचं. ते ६०४ साली वारले. पण आज ज्या चाली आपल्याला मिळतात त्या आठव्या-नवव्या शतकात फ्रँक राजांच्या मुलखात घडत गेल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळात सगळं तोंडी शिकवलं जाई. पुढे लिहिण्याच्या खुणा आल्या, पण सुरुवातीच्या खुणा सूर नेमका किती चढतो, किती उतरतो हे सांगत नव्हत्या. आवाज कुठे वळतो, एवढंच दाखवायच्या. ज्याला चाल आधीच येते, त्याच्या आठवणीला तो एक टेकू होता. अकराव्या शतकात अरेझोच्या ग्वीदो या साधूने ओळींवर स्वर मांडायची पद्धत रुजवली, तेव्हा कधी न ऐकलेलं गाणंही कागदावरून म्हणता येऊ लागलं.

ते पान कसं दिसतं? चार आडव्या ओळी, त्यांवर चौकोनी ठिपके. बाजूला एक खूण, ती ‘दो’ कुठल्या ओळीवर आहे ते सांगते. पण हा दो म्हणजे पियानोची ठरलेली पट्टी नव्हे. आपला सा जसा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे काळी एकला लागेल नाहीतर काळी चारला, तसाच हा. पेटी वाजवणाऱ्याला हे दोन मिनिटांत कळतं. चालींचे आठ वर्ग आहेत, त्यांना मोड म्हणतात. प्रत्येक मोडला एक विसाव्याचा स्वर, आणि ज्याच्यावर शब्द बराच वेळ म्हटले जातात असा दुसरा एक स्वर. न्यास आणि वादी आठवले असतील कोणाला. साम्य तेवढ्यापुरतंच. मोड म्हणजे राग नव्हे, त्यात बढत करायची नसते. आणि ठिपके मांडले म्हणजे रांगोळी झाली नाही, हे जूचंद्रच्या माणसाला आम्ही काय सांगणार?

आता पुस्तकाच्या वयाकडे येऊ. "हे हजार वर्षांचं पुस्तक आहे, यातला एक स्वर बदलायचा नाही," असं म्हणणारे मित्र भेटतात. त्या दोन नोव्हेंबरला आम्हीही तसंच मानत होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १६१४-१५ साली रोमच्या मेदिची छापखान्यात ‘ग्रादुआले’, म्हणजे मिस्सेच्या गीतांचा ग्रंथ, छापला गेला. त्यात जुन्या लांबलचक स्वरावली कापून टाकल्या होत्या, कारण त्या काळच्या जाणकारांना त्या ओबडधोबड वाटत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या पुस्टेट या प्रकाशकाने तीच कापलेली आवृत्ती रोमच्या मान्यतेने पुन्हा छापली. तिकडे फ्रान्समध्ये १८३३ साली दोम गेरांजे यांनी सोलेमचा मठ पुन्हा सुरू केला होता. तिथले साधू जुनी हस्तलिखितं ताडून पाहत होते. दोम पोतिये यांचा ‘लिबर ग्रादुआलिस’ १८८३ चा. १८८९ पासून दोम मोकेरो यांनी हस्तलिखितांची छायाचित्रंच छापायला घेतली, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतः बघावं. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप पायस दहावे यांनी चर्चसंगीतावर आपलं आज्ञापत्र काढलं, आणि १९०८ साली व्हॅटिकनचा नवा ‘ग्रादुआले’ आला. कापलेल्या स्वरावली परत आल्या.

म्हणजे आम्ही ज्याला सनातन समजत होतो ती छापील चाल १९०८ ची. हस्तलिखितं जुनी, पण पुस्तक १९०८ चं. त्या आजींच्या आजीच्या लहानपणी हे पुस्तक जन्मालाही आलं नव्हतं. आणि वसईत लॅटिन गाणं तर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीपासून आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट इथे स्थिरावले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा किल्ल्यातली चर्चं ओस पडली. गावं ओस पडली नाहीत. पोर्तुगीज पाद्री गेले, गाणारी माणसं राहिली. तोंडातून तोंडात जाताना चाल बदलते, हे खरं. पण पुस्तक नसताना ती टिकली, ती तशीच.

तर विचार करा. ज्या ग्रंथाने तीनशे वर्षांत स्वतःच दोनदा आपला सूर बदलला, त्याच्या नावाने आम्ही एका बाईचा सूर बंद केला.

आता एकेक ग्रंथ घेऊ.

पहिला ‘लिबर उसुआलिस’, सोलेमने १८९६ साली प्रथम काढलेला. नावाचा अर्थ नेहमीच्या वापराचं पुस्तक. नेहमीच्या वापराचं, आणि शेवटच्या आवृत्त्यांत पानं अठराशेहून अधिक! मिस्सेची गीतं आणि मठातल्या दैनिक प्रार्थनांची गीतं एकत्र. गुण हाच, की सगळं एका जागी. दोष असा, की तो १९६९ च्या आधीच्या उपासनापंचांगावर बेतलेला आहे. आज बऱ्याच रविवारी चर्चमध्ये दुसरीच वचनं असतात. फुकट उतरवता येतो म्हणून आपली मंडळं तोच उचलतात, आम्हीही तोच उचलला. शिवाय त्यात स्वरांच्या वर-खाली बारीक रेघा आणि टिंबं आहेत. त्या लयीच्या खुणा सोलेमने नंतर घातल्या. व्हॅटिकनच्या मूळ आवृत्तीत त्या नाहीत. पुढे सोलेमचेच दोम कार्दिन यांनी जुन्या चिन्हांचा अभ्यास करून दाखवलं, की लय शब्दातून घ्यायची असते, टिंबं मोजून नाही. त्यांचं पुस्तक १९६८ चं. आम्ही मात्र २ नोव्हेंबरला टिंबं मोजत होतो.

दुसरा, १९७४ चा ‘ग्रादुआले रोमानुम’. हा आजच्या मिस्सेच्या क्रमाप्रमाणे लावलेला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ग्रेगोरियन गाणं म्हणजे जुना विधी, आणि जुना विधी म्हणजे एक विशिष्ट गट, असं समीकरण झालं आहे. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या विधीला मोकळीक दिली, २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली, आणि या दोन तारखांच्या मध्ये गाण्याच्या पुस्तकाचा झेंडा झाला. हातात चौकोनी स्वर दिसले की लोक विचारतात, तुम्ही कोणाच्या बाजूचे? हा प्रश्न गाण्याचा नाहीच.

या ‘ग्रादुआले’त प्रत्येक रविवारची पाच गीतं असतात. प्रवेशाचं, वाचनानंतरचं, आलेलुया, अर्पणाचं आणि ख्रिस्तप्रसादाचं. वाचनानंतरच्या गीतात एकेका अक्षरावर वीस-तीस स्वर येतात. हे सरावलेल्या गायकाचं काम. लोकांनी म्हणावं म्हणून ते रचलेलंच नाही. लोकांनी ते ऐकायचं असतं, आणि तेही चांगलं आहे. पण आपली मंडळं सुरुवातच तिथून करतात, कारण ते भारदस्त वाटतं. १९७९ साली याचंच ‘ट्रिप्लेक्स’ रूप आलं. मध्ये चौकोनी स्वर, वर लाँ गावच्या हस्तलिखिताची चिन्हं, खाली लाल शाईत सांक्ट गालेन परंपरेची. अभ्यासाला याच्यासारखं पुस्तक नाही. पण भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग घरात आहेत म्हणून कोणी गवई होत नाही. आणि हेही खरं, की ते भाग छापले नसते तर कितीतरी चिजा हरवल्या असत्या. ग्रंथ साठवतो, शिकवतो तो माणूस. ‘ग्रादुआले’ गृहीत धरून चालतो की तुमच्याकडे असा माणूस आहे. आमच्याकडे नव्हता. आमच्याकडे यूट्यूब होतं.

तिसरा ‘ग्रादुआले सिम्प्लेक्स’, १९६७ चा. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेच सांगितलं होतं, की लहान चर्चांसाठी सोप्या चालींचा ग्रंथ तयार करा. तो हा. यात एक छोटं ध्रुपद असतं, मग स्तोत्राचं एक कडवं, पुन्हा ध्रुपद. कडवी एकाने म्हणायची, ध्रुपद सगळ्यांनी. आणि दर रविवारी नवं नाही, एकाच काळातल्या बऱ्याच रविवारांना तोच संच चालतो, म्हणजे तिसऱ्या रविवारी लोकांना पाठ. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे बघा. बुवा पुढे म्हणतो, टाळकरी उचलून धरतात. हातात वही एकट्या बुवाच्या, गाणं मात्र सगळ्यांचं. या चार ग्रंथांत आम्हाला हाच सगळ्यांत शहाणा वाटतो, आणि आपल्या भागात याचंच नाव सगळ्यांत कमी घेतलं जातं. याच्यावर आक्षेप आहेत. त्यातल्या बऱ्याच चाली मिस्सेच्या नव्हेत, दैनिक प्रार्थनेतून घेतलेल्या आहेत, आणि त्या रविवारचं खास वचन काही वेळा सुटतं. आक्षेप खरा आहे. पण लोक गातात, हे त्यापेक्षा मोठं. अमेरिकेत पॉल फोर्ड यांनी १९९९ साली या ग्रंथाचं इंग्रजी रूप काढलं, ‘बाय फ्लोइंग वॉटर्स’. म्हणजे ही रचना दुसऱ्या भाषेत नेता येते.

चौथी ‘युबिलाते देओ’. ही पुस्तिकाच आहे. १९७४ च्या ईस्टरच्या सुमारास पोप पॉल सहावे यांनी ती जगभरच्या बिशपांना भेट म्हणून पाठवली. हेच ते पोप, जे डिसेंबर १९६४ मध्ये युखारिस्तिक काँग्रेससाठी मुंबईला आले होते. त्यांना पाहायला गेलेली माणसं वसईत अजून आहेत. पुस्तिकेचा हेतू साधा होता. कुठल्याही देशातले कॅथलिक एकत्र जमले, तर निदान थोडी गीतं सगळ्यांना म्हणता यावीत. सोपा कीरिए, सांक्तुस, तांतुम एर्गो, साल्वे रेजिना असं मोजकं. आमच्या मते धर्मग्रामाने लॅटिनची हौस करायची असेल तर एवढ्यावर करावी. वर्षाला दोन गीतं शिकावीत, आणि ती कोयरने म्हणण्याआधी लोकांना शिकवावीत.

परिषदेच्या मजकुराबद्दल एक शब्द. ४ डिसेंबर १९६३ चा उपासनेवरचा दस्तऐवज ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान देतो. चौकोनी स्वरांचे चाहते हे वाक्य नेहमी सांगतात. पण त्याच वाक्यात एक अट आहे, इतर गोष्टी समान असतील तर. ती ते गाळतात. त्याच प्रकरणात पुढे म्हटलं आहे, की ज्या मुलखांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य मान द्यावा. लॅटिनचे विरोधक हे वाक्य सांगतात, आणि आधीचं गाळतात. दोघेही अर्धं पान वाचतात. त्या प्रकरणाचा जीव आहे तो तिसऱ्याच गोष्टीत. जमलेल्या लोकांचा वाटा त्यांच्याकडून काढून घेऊ नका. आम्ही नेमका तोच काढून घेतला होता.

आता आपल्या मराठी गाण्याकडे. तिथेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. कीबोर्डवर बटण दाबलं की तालाचा ठेका सुरू होतो, आणि प्रवेशगीत असो की ख्रिस्तप्रसादाचं, सगळं त्याच ठेक्यावर. एकदा आम्ही ‘मिस्सा दे आंजेलिस’चा कीरिए असाच चार मात्रांच्या ठेक्यावर म्हटला. दयेची विनवणी आणि चाल बँडची. आणि हो, तो कीरिए ग्रंथातच पंधराव्या-सोळाव्या शतकातला म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे ग्रेगोरियन हिशेबात कालचा. ग्रंथातही थर आहेत.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपण चालीवरून गीत निवडतो. अर्पणाला कुठलं? ते गोड आहे ते. ‘ग्रादुआले’ उलट बाजूने येतो. या रविवारचं वचन हे, त्याची चाल ही. त्याचा खरा धडा लॅटिन नाहीच. आज आपण कोणता शब्द म्हणायला जमलो आहोत, ते आधी विचारा, हा धडा आहे. त्यासाठी एकही चौकोनी स्वर वाचता यायची गरज नाही.

मग काही जण म्हणतात, सोपं आहे, लॅटिन चालीखाली मराठी शब्द घालू. आम्ही घालून पाहिले. जमत नाही, आणि का जमत नाही ते सांगण्यासारखं आहे. स्तोत्राची लॅटिन चाल अशी असते: एका स्वरावर शब्द सरळ म्हणत जायचं, आणि ओळीच्या शेवटच्या आघाताच्या अक्षराशी सूर वळवायचा. लॅटिन शब्दाला ठळक आघात असतो. मराठीत तसा आघात नाही, ऱ्हस्व-दीर्घ आहे. शिवाय आपलं क्रियापद शेवटी येतं. आता आमचंच एक वाक्य घ्या. ‘प्रभू माझ्या घराचा आधार आहे.’ चालीचं सगळं सौंदर्य कुठे जाऊन पडलं? ‘आहे’वर. सगळ्यांत रिकाम्या शब्दावर. आता असं म्हणा: ‘प्रभू माझ्या घरा आधार.’ वळण ‘आधार’वर आलं. आणि अभंग म्हणताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ जसा परत आणतो, तसा इथेही आणला, तर सूर टेकायला जागा मिळते.

म्हणजे दोष चालीचा नव्हता, वाक्याचा होता. आपली स्तोत्रं वाचण्यासाठी भाषांतरित झालेली आहेत, आणि वाचायला ती चांगली आहेत. गाण्यासाठी भाषांतर करायचं तर भाषांतरकार आणि गाणारा एका चटईवर बसायला हवेत. नुसता संगीतकार हे दुरुस्त करू शकत नाही.

हे चारशे वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज जेझुइट, १५७९ साली गोव्यात आले. लॅटिन त्यांच्या रोजच्या प्रार्थनेची भाषा. पण १६१६ साली साष्टीत रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, ते लॅटिन चालीखाली मराठी शब्द घालून नव्हे. त्यांनी ओवी घेतली. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड, यमकाबाहेरचा, तिथे आवाज खाली उतरून विसावतो. लॅटिन स्तोत्रातही पहिल्या अर्ध्यात सूर चढतो, मध्ये क्षणभर थांबतो, दुसऱ्या अर्ध्यात उतरतो. काम तेच, घडण आपली. पुढे प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या साच्यात गीतं रचली. त्यांनीही लोकांच्या तोंडात जे होतं तिथूनच सुरुवात केली. तेव्हा ‘ग्रादुआले सिम्प्लेक्स’चा आराखडा, म्हणजे छोटं ध्रुपद आणि स्तोत्राची कडवी, आणि त्यात ओवीच्या चालीची कडवी, असा मराठी ग्रंथ व्हायला हवा. तो आठ जणांच्या मंडळाला झेपेल, आणि तिसऱ्या बाकावरच्या माणसालाही.

आता त्या आजींकडे परत जाऊ. आम्ही काही दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, फोनवर आवाज उतरवून घ्यायला. त्या म्हणाल्या, "मी चुकते रे बाबांनो, तुमचं पुस्तक बरोबर." आम्ही म्हटलं, "आजी, तुम्ही पुढे म्हणा, आम्ही मागून म्हणतो." पहिल्यांदा त्या लाजल्या. मग म्हटलं त्यांनी. सगळं गीत, मधली कडवी सुद्धा. नंतर क्रुसाजवळ म्हणायची लदीनही म्हणाल्या. लॅटिन शब्दांची त्यांच्या तोंडी मोडतोड झालेली आहे, पण कुठे श्वास घ्यायचा ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. आमच्या झेरॉक्सवर ते नव्हतं.

पुढच्या दोन नोव्हेंबरला त्या आणि त्यांच्या वयाच्या आणखी तिघी पुढच्या बाकावर बसल्या. ध्रुपद त्यांच्या चालीने, कडवी मराठीत. आमच्यातला सर्वांत तरुण गायक नाराज झाला. तो म्हणाला, "मग तालीम कशाला केली? उद्या कोणीही काहीही म्हणेल, तेच बरोबर का?" त्याचा प्रश्न खोटा नाही. पुस्तक नसेल तर दोन पिढ्यांत चालीचं काय होईल, कोणी सांगावं? म्हणून आम्ही पुस्तक टाकलेलं नाही. तालमीत ते समोर असतं, त्याच्याशी आम्ही ताडून बघतो, आजींची चाल कुठे वेगळी आहे ते लिहूनही ठेवलं आहे, चार ओळींवर, चौकोनी ठिपक्यांत. फक्त देवळात मान वळवून कोणाकडे बघायचं नाही, एवढं ठरलं आहे.

त्या दिवशी गाणं सीडीसारखं झालं नाही. दोन जागी फाटलं. पण मागच्या बाकांवरूनही आवाज आला.

जाता जाता एक विनंती, सगळ्यांनाच, ख्रिस्ती असा की नसा. तुमच्या घरात कोणा आजीला, आजोबांना जुनं काही पाठ असेल, लदीन असेल, जात्यावरची ओवी असेल, काकड्याचा अभंग असेल, तर पुस्तकाशी ताडायच्या आधी एकदा त्यांच्या मागून म्हणून बघा. आणि आज घरी गेल्यावर फोनवर उतरवून ठेवा.